दूधबावेचं पाणी आणि आमची विहीर

सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. मालवणच्या जेटीवरून होडीने किल्ल्यात जायचं, महादरवाजातून वळून आत शिरायचं, शिवराजेश्वराच्या देवळात हात जोडायचे आणि मग गाइडच्या मागे विहिरींकडे यायचं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. गाइड आवाज चढवून म्हणतो, “चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधोमध हे गोड पाणी! चमत्कार नाही तर काय?” सगळे वाकून आत बघतात, फोटो काढतात आणि पुढे बुरुजाकडे जातात.

मी शाळेच्या सहलीतून हा चमत्कार पहिल्यांदा बघून आले, तेव्हा घरी येऊन आजीला रंगवून सांगितला. आजी नारळ सोलत होती. ती म्हणाली, “चमत्कार कसलो, चेडवा? आमच्याय दोनय बाजूंक खारा पाणी. आणि आमचीय बाव गोडीच मा?”

आमचं घर देवबागला. ज्यांनी नकाशात बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मालवणहून दक्षिणेला तारकर्ली, तारकर्लीच्या पुढे देवबाग. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि दोघांच्या मधे वाळूची लांबट पट्टी. काही ठिकाणी ही पट्टी इतकी अरुंद आहे, की समुद्रावरून निघून खाडीवर पोचायला काही मिनिटं पुरतात. त्या पट्टीवर माड, घरं, देवळं, शाळा आणि जवळजवळ प्रत्येक घरामागे एक विहीर.

आजीचं म्हणणं बरोबर होतं. आमची विहीर गोड होती. आज ती नाही. मार्च संपत आला की चहा मचूळ लागतो, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. किल्ल्यातल्या बावींचं पाणी मात्र साडेतीनशे वर्षांनंतरही गोड म्हणूनच दाखवलं जातं. दोन्ही जागा समुद्राने वेढलेल्या, पाऊसही एकच. मग आमचं काय चुकलं? या प्रश्नाने मला बरंच फिरवलं. मालवणपासून अॅमस्टरडॅमपर्यंत आणि परत आमच्या परसापर्यंत.

किल्ल्याआधी पाणी

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा नावाचा खडक आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. 25 नोव्हेंबर 1664 रोजी इथे पूजा करून शिवाजी महाराजांनी समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला असं मानलं जातं. 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. क्षेत्र सुमारे 48 एकर, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. पायात शिसं ओतलं, तट नागमोडी बांधला, हे सगळं आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण तोफा, तट आणि आरमार यांच्या आधी एक साधी गोष्ट लागते. वेढा पडला तर आतली माणसं पिणार काय?

मराठ्यांच्या राज्यात हा प्रश्न किती गांभीर्याने घेतला जात होता, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. हा ग्रंथ 1715 च्या सुमाराचा, म्हणजे सिंधुदुर्गाच्या बांधकामानंतर पन्नासेक वर्षांनी लिहिलेला. त्यातला दुर्गांवरचा भाग वाचताना मी थबकले. किल्ला बांधण्याआधी जागेवर पाणी आहे का ते बघा, असं अमात्य सांगतात. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरतील अशी तळी-टाकी बांधा. आणि झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च नेमका तेव्हाच वाढतो. म्हणून जास्तीची दोन-चार टाकी करा, त्यांतलं पाणी एरवी खर्च होऊ देऊ नका आणि गडाचं पाणी जपा.

यात चमत्काराची भाषा कुठेच नाही. पाणी किती आहे, किती लागेल आणि अडचणीच्या दिवशी किती उरेल, एवढाच हिशेब आहे.

कुरटे बेटाचाही एक ढोबळ हिशेब मांडता येतो. 48 एकर म्हणजे सुमारे एक लाख 94 हजार चौरस मीटर. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दोन मीटर पाऊस सहज पडतो. तेवढाच धरला, तरी त्या बेटावर दर वर्षी आभाळातून सुमारे 39 कोटी लिटर पाणी येतं. त्यातलं बरंचसं वाहून समुद्रात जातं, काही वाफ होऊन उडतं. दहावा हिस्सा जरी खडकात मुरला असं धरलं, तरी ते वर्षभराचं दर दिवशी सुमारे एक लाख लिटर होतं. ते सगळं काही विहिरीत येत नाही, कडेकडेने समुद्राकडे झिरपत राहतं. तरीही एवढं नक्की, की दूधबावेतलं पाणी समुद्राखालच्या कुठल्या गुप्त झऱ्यातून यायची गरज नाही. ते मृगापासून हस्तापर्यंत त्याच बेटावर पडलेलं पाणी आहे.

पण मग ते मुरल्यावर आजूबाजूच्या खाऱ्या पाण्यात मिसळून का जात नाही? याचं उत्तर कागदावर आणि आकड्यात यायला आणखी दोनशे वर्षं लागली. ते आलं दुसऱ्याच एका किनाऱ्यावरून.

एक फूट वर, चाळीस फूट खाली

हॉलंडचा समुद्रकिनारा म्हणजे वाळूच्या टेकड्यांची लांब रांग. देवबाग डोळ्यांसमोर आणा आणि ती कितीतरी पटींनी मोठी करा. 1853 पासून अॅमस्टरडॅम शहराला या टेकड्यांतलं गोडं पाणी नळाने मिळू लागलं. तिथल्या सैन्यातला एक अभियंता, विलेम बाडोन घायबेन, याने अॅमस्टरडॅमजवळ खणायच्या एका विहिरीसंबंधी टिपण लिहिलं. ते 1889 मध्ये छापलं गेलं. त्यानंतर 1901 मध्ये आलेक्झांडर हेर्त्सबेर्ग या जर्मन अभियंत्याने उत्तर समुद्रातल्या नॉर्डरनाय बेटावरच्या विहिरींच्या अनुभवातून तोच नियम स्वतंत्रपणे मांडला. आज भूजलाच्या पुस्तकात दोघांची नावं जोडून येतात. त्यांच्याही आधी, 1828 मध्ये, जोसेफ ड्यूकोमाँ नावाच्या एका शिक्षकाने अमेरिकेत हेच सांगितलं होतं, पण ते विसरलं गेलं.

नियम सोपा आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं. गोड्या पाण्याची घनता एक धरली, तर समुद्राची 1.025. फरक अडीच टक्क्यांचा. म्हणून बेटावर किंवा वाळूच्या पट्टीवर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वाळूचे कण किंवा खडकातल्या भेगा त्याला धरून ठेवतात, त्यामुळे दोन्ही पाणी उघड्या भांड्यातल्यासारखी पटकन ढवळून एक होत नाहीत. त्या अडीच टक्क्यांच्या फरकातून एक आकडा निघतो, चाळीस. विहिरीतल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली गोड्या पाण्याचा थर सुमारे चाळीस फूट खोल गेलेला असतो.

आमच्या गावात हे समजवायला होडी पुरते. होडीत माल भरला की ती पाण्यात खाली बसते. माल उतरवला की तिचा तळ वर येतो. देवबागच्या पट्टीखाली अशीच गोड्या पाण्याची एक होडी आहे. पाऊस तिच्यात माल भरतो आणि आपण तो विहिरीतून उतरवतो. पातळी एक फूट उतरली, की तळ सावकाश चाळीस फुटांनी वर यायला निघतो. तळाखाली समुद्र आहे.

किल्ल्याचं बेट खडकाचं. तिथे पाणी वाळूसारखं सगळीकडे सारखं मुरत नाही, भेगा-फटींतून फिरतं. म्हणून चाळीसचा आकडा तिथे मोजपट्टीसारखा लावता येत नाही. तत्त्व मात्र तेच आहे.

दुधाचा प्रयोग

या कथेतला मला सगळ्यात आवडलेला माणूस योहान पेनिंक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा अॅमस्टरडॅमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख होता. शहर वाढत होतं, टेकड्यांतून जास्त पाणी हवं होतं आणि खोल विहिरी घेऊन ते ओढायची घाई चालली होती. पेनिंकला धोका दिसत होता. पण जमिनीखालचं दाखवणार कसं? त्याने काचेच्या सपाट पेटीत वाळू भरली, तिच्यात पाणी सोडलं आणि पाणी कसकसं वाहतं ते रंगाच्या रेषांनी दिसेल अशी सोय केली. खाऱ्या पाण्याच्या जागी त्याने एका प्रयोगात वापरलं दूध. दूध गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड, जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकंच, आणि पांढरं असल्याने काचेतून स्पष्ट दिसणारं.

त्याने वरच्या पाण्यात नळी घालून पाणी ओढायला सुरुवात केली. नळीच्या बरोबर खाली दुधाचा सपाट पृष्ठभाग फुगला, त्याचा शंकू झाला आणि शंकूचं टोक नळीच्या तोंडाकडे चढत गेलं.

दूधबाव हे नाव लहानपणापासून ऐकलेल्या मला हे वाचून हसू आलं. किल्ल्यावर दूध म्हणजे गोड्या पाण्याचं कौतुक. पेनिंकच्या पेटीत दूध म्हणजे खालून चढणारा समुद्र.

पेनिंकचे हे प्रयोग 1915 मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. तरीही उपसा चालूच राहिला. टेकड्यांखालचं खारं पाणी वर सरकत गेलं आणि शेवटी 1957 पासून ऱ्हाईन नदीचं पाणी आणून ते वाळूत मुरवायला सुरुवात झाली. होडी पुन्हा भरायची, तीही बाहेरून माल आणून. श्रीमंत देशाला ते जमलं.

आमच्या परसातली गोष्ट

आमच्या विहिरीवर रहाट होता. पाणी कळशीने यायचं आणि आजीचा एक नियम होता. “पाणी वरच्या वर काढूचा, तळ ढवळूचो नाय. खाली खारा पाणी वाट बघीत बसला हा.” उन्हाळ्यात आणखी एक नियम. सकाळी काढलं की दुपारपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही, तिला दम घेऊ द्यायचा. हे तिने कुठे वाचलं नव्हतं, तिला वाचता येतच नव्हतं. वाळूत राहणाऱ्या बायकांनी रोजच्या चवीवरून जमवलेलं ते शहाणपण होतं. कळशीने माणूस दिवसाला किती ओढणार? हाताची ताकद हीच मर्यादा होती आणि तीच विहिरीला सांभाळत होती.

मग तारकर्ली-देवबागला पर्यटक येऊ लागले. मुंबईला जाऊन कुणाच्या तरी चाळीत राहण्याऐवजी गावातच दोन खोल्या बांधून पोट भरता येतं, हे आमच्या पिढीने पहिल्यांदा बघितलं. याला मी वाईट म्हणणार नाही, माझं शिक्षण त्याच दोन खोल्यांवर झालं. खोल्या आल्या तशा शॉवर आल्या, फ्लश आले, गच्चीवर टाकी आली आणि टाकी भरायला पंप आला. बटण दाबलं की जे पाणी आजी दिवसभरात काढायची ते काही मिनिटांत वर जायचं.

एका मे महिन्यात विहीर तळाला गेली. बाबांनी सगळेच करतात तेच केलं. गडी बोलावले, आणखी तीन रिंगा खाली उतरवल्या. देशावर विहीर आटली की खोल खणतात, तीच अक्कल आम्ही वापरली. पाणी भरपूर लागलं. सगळे खूश. आजीने एक घोट घेतला आणि तोंडातून बाहेर टाकला. काही बोलली नाही. आमच्या जमिनीत खोल जाणं म्हणजे समुद्राच्या जवळ जाणं, हे तिला कळत होतं आणि आम्हाला शिकवलेल्या भूगोलात ते नव्हतं.

किती समुद्र मिसळला की पाणी बिघडतं, याचाही हिशेब आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक सांगतं, की विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावेत. म्हणजे शंभर तांबे गोड्या पाण्यात समुद्राचे दोन तांबे पडले तरी पहिली मर्यादा ओलांडली जाते. सहा पडले की दुसरीही.

दुसरी चूक आम्ही ऑक्टोबर 2019 मध्ये केली. क्यार चक्रीवादळ किनाऱ्यापासून दूर होतं, पण त्याच्या लाटा उधाणाच्या भरतीबरोबर आमच्या वाडीत शिरल्या. समुद्र विहिरीच्या कठड्यावरून आत आला. पाणी ओसरल्यावर आम्ही दोन दिवस पंप लावून विहीर उपसली. खारं पाणी काढून टाकायचं, यात चूक काय? चूक अशी, की जितकं उपसलं तितकी वरची पातळी पडली आणि खालून समुद्र चढला. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर हजारो विहिरींच्या बाबतीत हेच घडलं होतं. चांगल्या हेतूने पुन्हापुन्हा उपसल्यामुळे काही ठिकाणी खारेपणा हटायच्या ऐवजी टिकून राहिला. तिथल्या अभ्यासकांनी सांगितलेला धडा असा, की विहिरीतला गाळ आणि घाण हलक्या हाताने काढा आणि बाकीचं पावसावर सोडा. हे लिहिलेलं होतं, जगाला माहीत होतं, पण देवबागला सांगायला कोणी आलं नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा निदान आम्ही पंप लावला नाही.

महापूर आणि टँकर, एकाच वर्षात

बाहेरच्या माणसाला आमच्या जिल्ह्याचं एक कोडं वाटतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुप्पट आणि वर. जुलैत बांद्याच्या बाजारपेठेत तेरेखोलचं पाणी शिरतं, खारेपाटणला शुक नदीचं. भरतीची वेळ असली, तर नदीचं पाणी पुढे समुद्रात जायला वाटच राहत नाही आणि पूर तुंबतो. आणि त्याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर फिरतात.

कोडं जमिनीत आहे. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र फार तर साठेक किलोमीटर. उतार तीव्र, नद्या आखूड. वर जांभ्याचे सडे. जांभा भोकाभोकांचा, पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडतो. त्याच्या खालच्या चिकण थरावरून पाणी कडेला येतं, झरा होऊन वाहतं आणि माघ-फाल्गुनापर्यंत आटून जातं. पूर आणि टंचाई या आमच्याकडे दोन वेगळ्या आपत्ती नाहीत. जुलैत जे थांबलं नाही, तेच मे महिन्यात सापडत नाही.

हे पाणी थांबवण्याचं सर्वांत जुनं आणि अजून चालू असलेलं उदाहरण मालवण तालुक्यातच आहे. धामापूरचा तलाव. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 मध्ये तो बांधवला. दोन डोंगरांच्या मधे बांध घातला, भोवती रान राहू दिलं, काठावर भगवतीचं देऊळ. सिंधुदुर्ग किल्ल्याहून हा तलाव सव्वाशेहून अधिक वर्षांनी जुना आहे. आजही मालवण शहराला तो पाणी देतो, धामापूर-काळसेच्या बागायतीला देतो. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली.

धामापूरची एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. पूर्वी म्हणे लग्नघरातली माणसं परडीत फुलांचे दागिने करून तलावात सोडत. परडी बुडायची आणि वर यायची तेव्हा तिच्यात तसेच सोन्याचे दागिने असायचे. लग्न झालं की ते परत तलावाला द्यायचे. मग कुणीतरी परत दिले नाहीत आणि तेव्हापासून परडी वर आली नाही.

लहानपणी मला त्या चोराचा राग यायचा. हल्ली ही गोष्ट आठवली की मला आमचा पंप आठवतो.

आता काय करायचं

महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळाच्या काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी पावसाच्या आधी आणि नंतर मोजली जाते. 2009 चा भूजलाचा कायदाही आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण आपल्याकडे भूजल म्हटलं की डोळ्यांसमोर मराठवाडा येतो आणि प्रश्न असतो ‘पाणी किती खोल गेलं?’ आमचा प्रश्न उलटा आहे. आमच्या विहिरीत पाणी दिसतंच, अगदी मे महिन्यातही हाताच्या अंतरावर. पातळीची पट्टी घेऊन आलेल्या माणसाला इथे काही बिघडलंय असं वाटणारही नाही. इथे पट्टीबरोबर क्षार मोजायचं यंत्र लागतं.

उपाय आहेत. त्यांत भव्य असं काही नाही. एका खोल विहिरीतून ओढण्याऐवजी दोन-तीन उथळ विहिरींतून थोडं थोडं घ्यायचं. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याचा थर आमच्यापेक्षाही नाजूक आहे. तिथे उथळ विहिरीला आडव्या सच्छिद्र नळ्या जोडून वरवरचं पाणी अलगद गोळा करायची पद्धत वापरतात. साय काढावी तसं. ते पुरेना, तेव्हा 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला गेला. आमच्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. अंगणात फरशी घालायची नाही आणि छपरावरचं पाणी गटारात न सोडता वाळूत जाऊ द्यायचं. होडीत माल भरणारा पाऊस फुकट येतो, फक्त त्याला उतरायला जागा हवी.

हे सगळं मी गेल्या गणपतीत घरी गेले तेव्हा बोलले, कारण धाकट्या भावाने आणखी चार खोल्या आणि एक बोअरवेल असा बेत केला होता. बँकेकडे अर्ज तयार होता. मी त्याला होडीचं उदाहरण दिलं, पेनिंकचं दूध सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, तू पुण्यात नळाचं पाणी पितेस. शेजारच्याने बोअर मारली तर मी एकटा न मारून काय होणार? खाली तर पाणी एकच ना?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जमिनीवर कुंपणं आहेत, वाळूखाली नाहीत. एका घराने जपलं आणि दहा घरांनी ओढलं तर जपणाऱ्याचंही पाणी खारट होणार. किल्ल्यातली बाव गोड राहिली, कारण तिच्यावर पंपांची रांग लागली नाही. आत राहतात ती थोडी कुटुंबं. आमच्या पट्टीवर प्रत्येक घराची विहीर स्वतंत्र आहे आणि पाणी सामाईक. आज्ञापत्रात गडाच्या पाण्यावर एक हुकूम चालत होता. देवबागला तो हुकूम कुणाचा असणार? ग्रामसभेचा असू शकतो, पण त्यासाठी आधी सगळ्यांना एकच चित्र दिसलं पाहिजे.

म्हणून आम्ही भांडण थांबवून एक छोटं काम सुरू केलं. भावाने क्षार मोजायचं खिशात मावणारं यंत्र मागवलं. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, उधाणाच्या दिवशी, तो आमच्या आणि शेजारच्या सहा घरांच्या विहिरींचं पाणी मोजतो आणि आकडे वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. सुरुवातीला कुणी बघत नव्हतं. फेब्रुवारीपासून लोक स्वतः विचारायला लागले, की आमचा आकडा त्यांच्यापेक्षा जास्त का. ज्यांचा जास्त, त्यांच्याकडे मोठा पंप. हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

बोअरवेलचा अर्ज अजून कपाटात आहे. फाडलेला नाही आणि दिलेलाही नाही. चारऐवजी दोन खोल्या होतील का, यावर बोलणं चालू आहे. खाली उतरवलेल्या तीन रिंगांची जागा आम्ही वाळू टाकून पुन्हा भरून घेतली. गोडी लगेच येणार नाही. खाऱ्या पाण्याला वर यायला एक उन्हाळा पुरतो, परत खाली ढकलायला पावसाला बरीच वर्षं लागतात.

परवा भावाचा फोन आला. म्हणाला, माळ्यावर जुना रहाट सापडला, लाकूड अजून घट्ट आहे. पाहुण्यांना फोटो काढायला बरा म्हणून विहिरीवर बसवतोय. मी म्हटलं, बसव, आणि एक कळशीही ठेव. सकाळच्या चहाचं पाणी त्याच्यानेच काढ. वरच्या वर.